‘मच अडू अबाउट नथिंग’ कसे अभ्यासावे: कोणी, काय, कोणाच्या शब्दावर मानले?

ऐरोलीहून ठाण्याच्या महाविद्यालयात शिकायला येणाऱ्या, बी.ए.च्या शेवटच्या वर्षातील एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. शेक्सपिअरचे ‘मच अडू अबाउट नथिंग’ तिने वाचले आहे, १९९३ चा चित्रपटही पाहिला आहे. बीअ‍ॅट्रिस आणि बेनेडिक यांची शाब्दिक जुगलबंदी तिला मनापासून आवडली. परंतु चौथ्या अंकातील चर्चच्या प्रवेशानंतर या नाटकाला विनोदी का म्हणावे, हे तिला कळेनासे झाले आहे. मार्गदर्शिकांमधील ‘आभास आणि वास्तव’ वगैरे मथळे पाठ करून उत्तर लिहिता येते, पण नाटक हाती लागत नाही, असे ती म्हणते. काही मैत्रिणींसह या नाटकाचे वाचन बसवण्याचा तिचा विचार आहे आणि त्याची तयारी कशी करावी, हेही तिने विचारले आहे. मी ठाण्यात अनेक वर्षे इंग्रजी नाटक शिकवतो आणि हौशी गटांची नाट्यवाचने बसवतो, त्या अनुभवावरून हे उत्तर लिहीत आहे.

ज्यांनी नाटक वाचलेले नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. मेसिना या इटालियन शहराचा गव्हर्नर लिओनाटो याच्या घरी युद्ध संपवून राजपुत्र डॉन पेड्रो आपल्या सरदारांसह पाहुणा येतो. त्यांपैकी तरुण क्लॉडिओ हा लिओनाटोची मुलगी हीरो हिच्या प्रेमात पडतो आणि लग्न ठरते. लिओनाटोची पुतणी बीअ‍ॅट्रिस आणि सरदार बेनेडिक हे एकमेकांना पाहताच टोमणे मारणारे, लग्न या गोष्टीचीच टिंगल करणारे. त्यांची मित्रमंडळी मुद्दाम त्यांच्या कानावर पडेल असे बोलून ‘ती तुझ्यावर मरते’, ‘तो तुझ्यासाठी झुरतो’ असे दोघांनाही पटवतात. दुसरीकडे राजपुत्राचा सावत्र भाऊ डॉन जॉन हा हीरो बदफैली असल्याचा बनाव रचतो आणि क्लॉडिओ भर लग्नमंडपात तिला नाकारतो. ती मेली अशी आवई घरचेच उठवतात, पहारेकऱ्यांनी पकडलेल्या गुन्हेगारांमुळे सत्य बाहेर येते आणि शेवटी दोन लग्ने जमतात.

आता मूळ मुद्दा. या नाटकातील जवळजवळ प्रत्येक वळण कोणीतरी काहीतरी ऐकल्यामुळे आणि ते खरे मानल्यामुळे येते. म्हणून माझी पहिली सूचना अशी की पात्रांच्या स्वभावाची टिपणे काढण्याआधी एक वही घ्या आणि प्रत्येक प्रवेशापुढे चार गोष्टी नोंदवा: कोणी ऐकले, काय ऐकले, कोणाच्या तोंडून ऐकले आणि खरे-खोटे तपासायला त्याने काय केले. चौथा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा राहील, आणि ही कोरी जागाच नाटकाचा खरा विषय आहे. मेसिनात माणसे पुराव्यावर विश्वास ठेवत नाहीत, बोलणाऱ्याच्या पदावर ठेवतात. हे एकदा ध्यानात आले की प्रेमाची खेळकर फसवणूक आणि चर्चमधील क्रूर फसवणूक ही एकाच यंत्राची दोन कामे आहेत, हे दिसू लागते आणि नाटक मध्यावर दुभंगल्यासारखे वाटत नाही.

सुरुवात पहिल्या अंकापासूनच करा, कारण शेक्सपिअरने तिथे एक छोटा धडाच ठेवला आहे आणि घाईने वाचणाऱ्यांच्या नजरेतून तो नेमका सुटतो. पहिल्या प्रवेशात डॉन पेड्रो क्लॉडिओला सांगतो की मुखवट्याच्या नृत्यात मी तुझे सोंग घेऊन हीरोला तुझ्यासाठी मागणी घालीन. दुसऱ्या प्रवेशात लिओनाटोचा भाऊ अँटोनिओ येऊन सांगतो की माझ्या नोकराने बागेतल्या दाट वेलींच्या वाटेवर राजपुत्राचे बोलणे ऐकले. राजपुत्र स्वतःच हीरोच्या प्रेमात आहे. तिसऱ्या प्रवेशात डॉन जॉनचा माणूस बोराकिओ सांगतो की कुबट खोलीत धूप घालण्याच्या कामावर असताना पडद्यामागे लपून मी तीच मसलत ऐकली. राजपुत्र हीरोला मागणी घालणार, पण ती क्लॉडिओला देण्यासाठी. म्हणजे मसलत एक, ऐकणारे दोन, आणि घरातला प्रामाणिक नोकर चुकीचे ऐकतो, तर दुष्टांचा हस्तक बरोबर ऐकतो. मुख्य कारस्थान सुरू होण्याच्या कितीतरी आधी नाटककाराने प्रेक्षकाला सावध केले आहे की ऐकीव गोष्टीचा खरेपणा सांगणाऱ्याच्या सज्जनपणावर ठरत नाही. परीक्षेत या नाटकाची रचना विचारली तर उत्तराचा आरंभ या दोन प्रवेशांच्या तुलनेने करा.

यानंतर दुसऱ्या अंकातील मुखवट्याचे नृत्य येते. डॉन जॉन क्लॉडिओला ओळखूनही न ओळखल्याचे नाटक करतो आणि राजपुत्र हीरोला स्वतःसाठी वश करीत आहे, असे त्याच्या कानात घालतो. क्लॉडिओ तत्क्षणी विश्वास ठेवतो. मैत्री सगळ्या बाबतींत टिकते, प्रेमाच्या व्यवहारात मात्र नाही, असे स्वगत म्हणून हीरोवर पाणी सोडून मोकळाही होतो. गैरसमज काही मिनिटांत दूर होतो, पण वहीत ही नोंद ठळक करा, कारण पुढे तिसऱ्या अंकात तोच डॉन जॉन दुसरी थाप घेऊन येतो तेव्हा क्लॉडिओला हा माणूस खोटे बोलतो याचा ताजा अनुभव असतो आणि तरीही तो फसतो. त्या रात्री काही पाहण्याआधीच, डोळ्यांना तसे दिसले तर उद्या चर्चमध्ये सर्वांसमोर तिची अब्रू घेईन, असे तो बोलून बसलेला असतो. क्लॉडिओ तरुण आहे, फसवला गेला आहे, ही सबब अनेक जण पुढे करतात. मला ती पुरेशी वाटत नाही. त्याने हीरोविषयी अगदी सुरुवातीला विचारलेला प्रश्न लिओनाटोला मुलगा आहे का, असा आहे आणि ती एकुलती एक वारस असल्याचे उत्तर त्याला मिळते. त्याला हीरो आवडते यात शंका नाही, पण तो तिच्याशी एकट्याने बोललेला असा एकही प्रसंग नाटकात नाही.

आता लपून ऐकण्याचे दोन प्रसिद्ध प्रवेश, दुसऱ्या अंकाचा तिसरा आणि तिसऱ्या अंकाचा पहिला. हे दोन्ही शेजारी ठेवून वाचा. बेनेडिकचा प्रवेश लांब आहे, गद्यात आहे आणि पुरुष आपला अभिनय रंगवून रंगवून करतात. बेनेडिकच्या मनात शंका येते, ही चेष्टा तर नसेल? आणि ती शंका तो कशाने फेडतो, ते पाहा: हे पांढऱ्या दाढीचे लिओनाटो सांगत आहेत, इतक्या आदरणीय माणसात लबाडी लपणार नाही, म्हणून. लिओनाटो तर त्याच क्षणी धडधडीत खोटे बोलत आहे. प्रेक्षक या जागी खळखळून हसतो, आणि हसावेच. पण चौथ्या अंकात हाच लिओनाटो पोटच्या मुलीविरुद्ध उभा राहतो तेव्हा त्याचाही युक्तिवाद हाच असतो की दोन-दोन राजपुत्र खोटे कसे बोलतील, क्लॉडिओ खोटे कसे बोलेल? ज्याच्या पांढऱ्या दाढीमुळे दुसरा फसला, तो स्वतः राजवस्त्रामुळे फसतो. हा एक धागा नीट पकडला तरी संपूर्ण नाटकावर उत्तम निबंध लिहिता येईल.

बीअ‍ॅट्रिसचा प्रवेश त्या मानाने आखूड आणि पद्यात आहे. तिच्यासमोर हीरो आणि हीरोची दासी अर्सुला तिच्या गर्विष्ठपणावर नेमके बोट ठेवतात; बेनेडिकला मुख्यतः स्तुती आणि करुणा ऐकवली जाते, बीअ‍ॅट्रिसला मुख्यतः निंदा. त्यानंतर ती एकटी राहते आणि केवळ दहा ओळी बोलते, त्याही यमकबद्ध. या नाटकाचा दोन तृतीयांशांहून अधिक भाग गद्यात आहे आणि तोपर्यंत बीअ‍ॅट्रिस गद्यातच चमकलेली असते. म्हणून ती एकाएकी वृत्तात बोलू लागते तेव्हा अभिनेत्रीने आवाजाची सारी ठेवण बदलली पाहिजे. बेनेडिक मात्र त्याच प्रसंगानंतर गद्यातच वाद घालत बसतो आणि जग ओस पडू नये म्हणून लग्न केले पाहिजे, अशी स्वतःची समजूत घालतो. दोघांच्या प्रेमात फरक आहे तो असा भाषेच्या जडणघडणीत दिसतो, आणि हे डोळ्यांनी वाचण्यापेक्षा मोठ्याने वाचले की लगेच कानाला कळते.

या दोघांच्या बाबतीत फसवणूक यशस्वी का होते, याचे उत्तर पहिल्याच प्रवेशात आहे. युद्धाची बातमी घेऊन दूत येतो, तेव्हा बेनेडिकची चौकशी सर्वप्रथम बीअ‍ॅट्रिसच करते, टोपणनाव देऊन आणि टवाळीच्या सुरात का होईना. दुसऱ्या अंकात ती राजपुत्राला सांगते की बेनेडिकने एकदा आपले हृदय मला काही काळ उसने दिले होते, आणि त्याआधी खोट्या फाशांनी माझे जिंकून घेतले होते. म्हणजे या टोमण्यांमागे जुनी जखम आहे. मित्रांची थाप त्यांच्यात प्रेम निर्माण करत नाही, असलेल्या प्रेमाला बाहेर पडायला निमित्त देते.

खिडकीचा प्रसंग हा चित्रपट पाहून आलेल्यांसाठी फार महत्त्वाचा. हीरोची दासी मार्गारेट हिला हीरो म्हणून हाका मारत बोराकिओ तिच्याशी प्रणयचेष्टा करतो आणि ते दुरून क्लॉडिओला दाखवले जाते, हे तुम्ही चित्रपटात पाहिले असेल. मूळ संहितेत हा प्रसंग रंगमंचावर घडत नाही. बोराकिओ नंतर त्याची फुशारकी सांगतो, तीच पहारेकरी ऐकतात. शेक्सपिअरला हा प्रसंग लिहिता आला नसता असे नाही. त्याने तो गाळला, कारण तो दाखवला असता तर प्रेक्षकही क्लॉडिओच्या डोळ्यांनी पाहू लागला असता आणि त्याची बाजू घेऊ लागला असता. चित्रपटावरून उत्तर लिहिणारे विद्यार्थी या जागी हमखास अडकतात.

चर्चचा प्रवेश हा तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे. याला विनोदी का म्हणावे? मी असे म्हणेन की प्रेक्षकाला सत्य आधीच ठाऊक असते, यात उत्तर आहे. गुन्हेगार आदल्या रात्रीच पकडले गेले आहेत. लग्नाच्या सकाळी पहारेकऱ्यांचा अधिकारी डॉगबेरी स्वतः लिओनाटोच्या दारात येऊन उभा राहतो, पण तो इतके पाल्हाळ लावतो आणि लिओनाटो इतक्या घाईत असतो की चौकशी तूच कर, असे म्हणून गव्हर्नर निघून जातो. डॉगबेरीच्या चुकीच्या शब्दांना आपण हसतो, पण हशाच्या आड काय घडते ते पाहा: सत्य दारात आले आहे आणि ते सांगणाऱ्याला प्रतिष्ठा नाही, बोलायचे वळण नाही, म्हणून कोणी ते ऐकून घेत नाही. पाचव्या अंकात बोराकिओ राजपुत्राला तोंडावर सांगतो की तुमच्या शहाणपणाला जे शोधता आले नाही ते या उथळ मूर्खांनी उजेडात आणले. या ज्ञानामुळे चर्चच्या प्रवेशात प्रेक्षकाला भीती वाटत नाही, संताप येतो; शोकांतिकेतली असहायता इथे नाही.

त्याच प्रवेशात विश्वासाची दुसरी रीत प्रथमच दिसते. पाद्री फ्रान्सिस बराच वेळ गप्प राहून हीरोच्या चेहऱ्यावरचे रंग बदलताना पाहतो आणि मग ती निर्दोष असल्याचे सांगतो. बीअ‍ॅट्रिसकडे तर पुरावा म्हणून काहीच नाही. उलट वर्षभर रोज हीरोजवळ झोपणारी ती नेमकी काल रात्री तिथे नव्हती, हे तिला कबूल करावे लागते. तरीही तिला खात्री आहे, कारण ती हीरोला ओळखते. सर्व निघून गेल्यावर बेनेडिक आपले प्रेम उघड करतो, मी तुझ्यासाठी काय करू, असे विचारतो, आणि ती दोन शब्दांत सांगते: क्लॉडिओला मार. तो आधी नकार देतो. मग एकच गोष्ट विचारतो की क्लॉडिओने हीरोवर अन्याय केला असे तुझ्या अंतःकरणात वाटते का? ती हो म्हणते, आणि तेवढ्यावर तो आपल्या जिवलग मित्राला द्वंद्वाचे आव्हान द्यायला तयार होतो. नाटकभर माणसे बोलणाऱ्याचे पद पाहून त्याचे म्हणणे खरे मानतात. इथे एक माणूस दुसऱ्याला ओळखून मानतो. बेनेडिकचे प्रेम बागेत सुरू झाले असेल, पण पटते ते या जागी.

ते दोन शब्द वाचनात कसे म्हणावेत, याचा विचार आधीच करून ठेवा. त्यापूर्वीच्या ओळी हलक्या आणि गोड असल्यामुळे प्रेक्षक हसण्याच्या तयारीत असतो, आणि बीअ‍ॅट्रिस करणारीने आधीच्या लयीतच ते शब्द टाकले तर हमखास हशा येतो व प्रवेश कोसळतो. आरडाओरडाही नको. आधीचे वाक्य पूर्ण संपू द्यावे, श्वास घ्यावा आणि साध्या, खालच्या सुरात म्हणावे. गडकरी रंगायतनला किंवा वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात एखादे विनोदी नाटक पाहायला जाल तेव्हा कलाकार हशा कुठे घेतात याइतकेच, तो कुठे थोपवतात याकडेही लक्ष द्या.

मराठी वाचकाला तुलनेसाठी फार जवळचे नाटक उपलब्ध आहे, ते म्हणजे गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत संशयकल्लोळ’. १८९३ मध्ये ते ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ या नावाने गद्यरूपात आले आणि देवलांच्या निधनानंतर त्याच वर्षी, १९१६ मध्ये, पदांसह संगीत नाटक म्हणून रंगभूमीवर आले. त्याचे मूळ आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकात आणि त्याच्याही मागे मोलिएरमध्ये आहे. तिथे अश्विनशेठची तसबीर हातोहात फिरते आणि ती ज्याच्या हाती दिसते त्याच्याविषयी पाहणाऱ्याच्या मनात संशय येतो. देवलांच्या नाटकात डॉन जॉन नाही. कोणी दुष्ट नसतानाही फाल्गुनराव आणि त्याची बायको कृत्तिका एकमेकांविषयी भलते अर्थ काढतात. दोन्ही वाचून झाल्यावर हा प्रश्न स्वतःला विचारा: डॉन जॉन नसता तर क्लॉडिओने संशय घेतला नसता का? माझे मत असे की फाल्गुनरावाचा स्वभावच संशयी आहे, तर क्लॉडिओला जनलज्जेची धास्ती आहे, आणि म्हणून क्लॉडिओ अधिक घातक आहे. देवलांची संहिता १८९३ पासून चालत आलेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या ग्रंथालयात शोधा. तुमच्या गटाला इंग्रजी वाचनाआधी सरावासाठी त्यातले दोन प्रवेश मोठ्याने वाचायला घेता येतील, कारण आपल्या भाषेत विनोदाची लय सापडली की परक्या भाषेत ती शोधणे सोपे जाते.

वाचनाच्या तयारीविषयी थोडे. टिपा असलेली शैक्षणिक आवृत्ती घ्या आणि सगळ्यांनी एकच आवृत्ती वापरा, नाहीतर ओळींचे क्रमांक जुळत नाहीत. ठाणे-वाशी लोकलमध्ये मनातल्या मनात वाचून कथानक पक्के होईल, पण संवाद मात्र घरी मोठ्यानेच वाचले पाहिजेत. पहिल्या बैठकीत संपूर्ण नाटक घेऊ नका. वर सांगितलेले लपून ऐकण्याचे दोन प्रवेश आणि चर्चचा प्रवेश एवढेच घ्या. लपणाऱ्याला खरोखर लपायला सांगा, खुर्ची असो वा पडदा, आणि तो प्रेक्षकांना दिसेल पण बोलणाऱ्यांना दिसत नसल्याचा भास होईल अशी जागा ठरवा, कारण त्या प्रवेशांतला निम्मा विनोद ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आहे. डॉगबेरीचे प्रवेश आधी स्वतः मराठीत सांगून पाहा. मोठमोठे शब्द उलट्या अर्थाने वापरणारा, पण आपल्या कामावर मनापासून श्रद्धा असलेला माणूस म्हणून तो उभा राहिला पाहिजे, नुसता विदूषक म्हणून नको. १६०० मध्ये छापलेल्या पहिल्या आवृत्तीत चौथ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात डॉगबेरीच्या संवादांपुढे पात्राऐवजी केम्प हे नटाचेच नाव राहून गेले आहे. विल केम्प हा शेक्सपिअरच्या नाटक मंडळीतला नावाजलेला विनोदी नट होता आणि १५९९ मध्ये त्याने मंडळी सोडली. नाटकाचा काळ १५९८-९९ मानतात, त्याला हाही एक आधार आहे.

त्याच आवृत्तीतील आणखी एक गोष्ट हीरो वाचणाऱ्या मुलीने जरूर लक्षात घ्यावी. पहिल्या अंकाच्या आरंभीच्या रंगसूचनेत लिओनाटोची पत्नी इनोजेन हिचे नाव आहे आणि दुसऱ्या अंकाच्या आरंभी नुसता ‘त्याची पत्नी’ असा उल्लेख आहे, पण तिला नाटकभर एकही वाक्य नाही आणि बहुतेक संपादक तिला गाळून टाकतात. त्यामुळे चर्चमध्ये हीरोच्या बाजूने उभी राहील अशी आई नाही. हीरो स्वतःही पुरुषांसमोर फार कमी बोलते. लग्न ठरते त्या वेळी तर तिला सर्वांना ऐकू जाईल असे वाक्यच नाही, ती क्लॉडिओच्या कानात काही सांगते एवढे बीअ‍ॅट्रिसच्या तोंडून कळते. मात्र तिसऱ्या अंकात, फक्त बायका असताना, ती बीअ‍ॅट्रिसची थट्टा लांबलचक, डौलदार ओळींत करते. ही भूमिका ‘गरीब बिचारी’ म्हणून वाचणे हा संहितेवर अन्याय आहे. तिच्याकडे शब्द आहेत, ते वापरायला तिला जागा मिळत नाही.

शेवटच्या प्रवेशाबाबत एक निर्णय तुमच्या गटाला घ्यावा लागेल. बीअ‍ॅट्रिस आणि बेनेडिक पुन्हा नाही-नाही म्हणू लागतात, तेव्हा दोघांनी एकमेकांवर गुपचूप लिहिलेल्या कविता बाहेर काढल्या जातात. या नाटकात प्रेमाचा पहिला लेखी पुरावा तो हाच, आणि तो स्वतःच्याच हस्ताक्षरातला. लगेच एक ओळ येते: आता पुरे, तुझे तोंडच बंद करतो. आजच्या बहुतेक आवृत्त्यांत ही ओळ बेनेडिकची आहे आणि तिथे तो तिचे चुंबन घेतो. १६०० च्या आणि १६२३ च्या जुन्या छापील प्रतींत मात्र ती लिओनाटोच्या नावावर आहे. ती बेनेडिकला देण्याचा बदल अठराव्या शतकातील संपादक थिओबाल्ड याने केला. या ओळीनंतर बीअ‍ॅट्रिस नाटक संपेपर्यंत एक शब्दही बोलत नाही. ओळ बेनेडिकने म्हटली तर तो प्रियकराचा लाड होतो, लिओनाटोने म्हटली तर काका दोघांना एकत्र ढकलून पुतणीला गप्प करतो, आणि पूर्ण नाटकभर तिच्या जिभेचा धाक घेतलेल्या घराचा अर्थच बदलतो. दोन्ही रीतींनी वाचून पाहा आणि कोणती ठेवायची ते भूमिका वाटण्यापूर्वी ठरवा, कारण बीअ‍ॅट्रिस करणाऱ्या मुलीला पहिल्या प्रवेशापासून कुठे पोहोचायचे आहे, ते त्यावर अवलंबून आहे.